मोजेवाल्यांचे तळपाय

आमच्या गल्लीत यांना सगळे मोजेवाले म्हणायचे. मोजे विकायचे म्हणून नव्हे, तर आमच्या दोरीवर बारा महिने पांढरे पातळ मोजे वाळत असायचे म्हणून. घरात माणसं चार आणि मोजे पलटणीचे. नवीन शेजारीण आली की हमखास विचारायची, "काकू, तुमच्याकडे वसतिगृह आहे का हो?"

खेळाच्या हॉलमधल्या लाकडी जमिनी घासायचं यांचं काम. जुना काळवंडलेला थर मशीनने खरवडायचा, खालचं लाकूड गोरं करायचं, त्यावर पॉलिश चढवायचं आणि मग रंगीत पट्ट्या आखायच्या. घरी यायचे ते भुवयांपर्यंत भुशाने माखून. सतरंजी झटकावी तशी मी यांना दारातच झटकायची.

मोज्यांचं कारण असं की, उघड्या लाकडावर अनवाणी चाललं तर घामाचे डाग पडतात आणि बूट घातले तर पायाला काही कळत नाही. मशीन मध्येच क्षणभर रेंगाळलं तर तिथे लाट राहते. आधी ती दिसत नाही. पॉलिश चढून दिवे लागले की अख्ख्या हॉलला दिसते. म्हणून हे आधी मोजे घालून, डोळे मिटून सगळा हॉल हळूहळू फिरायचे. जिथे तळपाय थबकले तिथे खडूची फुली. घरीही तेच. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं न टाकलं तोच म्हणायचे, "मीठ सांडलंय." मला राग यायचा. माणसाने आल्या आल्या निदान पाणी तरी मागावं.

एका संध्याकाळी बघते तर यांच्या टाचेत बारीक खिळा रुतलेला, मोजा लाल, आणि हे आपले पेपर वाचत बसलेले.

"अहो, दुखत नाही का?"

"काय?"

मी खिळा उपटला, तेव्हा यांनी पान उलटलं. मी तशीच यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, साखरेने तळपायांची जाणीव गेलीय, आता परत यायची नाही, रोज पाय तपासत जा.

"थोरल्याला सांगू नकोस," रस्त्यात हे म्हणाले. "शाळेचा हॉल होऊ दे."

थोरला म्हणजे आमचा मुलगा. मशीन एव्हाना तोच चालवायचा. आणि शाळेचा हॉल म्हणजे यांनी स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं पहिलं काम. आमची दोन्ही पोरं तिथेच गुडघे फोडून मोठी झाली. घासून घासून तिथलं लाकूड इतकं पातळ झालं होतं की ही शेवटची घासणी, पुढच्या खेपेला फळ्याच बदलणार. कुणी घरी बसवायच्या आधी ती जमीन आपण नीट मार्गी लावावी, एवढंच यांच्या मनात होतं.

घासणी झाली त्या दिवशी मी डबा घेऊन गेले. हॉलभर ताज्या लाकडाचा वास होता. लग्न झालं तेव्हा यांच्या शर्टाला यायचा तोच.

"बाबा, फिरून घ्या एकदा," थोरला म्हणाला. "मी गाडीतून पॉलिश आणतो."

तो बाहेर गेला तसे यांनी खिशातून मोजे काढून माझ्यापुढे धरले. "तू फिर."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तांदळातला खडा बोटाला कळतो ना? तसंच."

मोजे इतके मोठे की त्यांच्या टाचा माझ्या घोट्यावर आल्या. मी डोळे मिटून चालू लागले. मध्येच हळूच एक डोळा उघडला, तर हे जमिनीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत चाललेले. लग्नातसुद्धा इतकं बघितलं नव्हतं.

बास्केटबॉलच्या डाव्या बास्केटखाली माझा पाय आपोआप थांबला. "इथे काहीतरी आहे. चादरीखाली दोरी राहावी तसं."

यांनी गुडघ्यावर बसून फुली मारली. तेवढ्यात थोरला पॉलिशचे डबे घेऊन दारात. "आई मोजे घालून काय करतेय?"

यांनी खडू खाली ठेवला. "माझ्या तळपायांना आता काही कळत नाही रे. फुली तुझ्या आईची आहे."

थोरला डबे खाली ठेवायचंच विसरला. "आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

मग थोरल्याने डबे ठेवले, बूट काढले आणि मोज्यांनिशी स्वतः तिथे पाय फिरवून बघितला. "मला तर काही लागत नाही."

"तुझे तळपाय बुटात वाढलेत. हलक्या हाताने मशीन लाव."

त्याने लावलं. मी पुन्हा फिरले, तेव्हा दोरी गेली होती. पुढे पॉलिश चढून दिवे लागले तेव्हा उजेड डाव्या बास्केटखालून सरळ निघून गेला, कुठे अडला नाही. मधलं गोल वर्तुळ आखताना दोरीचं एक टोक मी मध्यावर धरून बसले आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून हे माझ्याभोवती फिरले.

"बाबा अजून आईभोवतीच फिरतात," थोरला म्हणाला.

"तू तुझ्या पट्ट्या बघ," हे म्हणाले.

त्यानंतर हे आपणहून घरी बसले. दोरीवर मोजे अजून वाळतात, फक्त माझ्या मापाचे. पॉलिशच्या आधी थोरला मला गाडीत घालून नेतो.

संध्याकाळी मी चष्मा लावून यांचे पाय मांडीवर घेते, कुठे जखम नाही ना ते बघते.

"आता तुझं बोट कुठे आहे?" हे विचारतात.

"टाचेवर."

"बरं. आणि आजची जमीन कशी होती?"

मी सांगत जाते, दारापासून सुरुवात करून. हे डोळे मिटून ऐकतात.