हाक मारल्याशिवाय घास नाही

केळशीहून, माझ्या माहेरून, माणूस आला, तेव्हा मी हेदवीला सासरच्या अंगणात आंबोशी वाळत घालत होते. उंबऱ्यापर्यंतही न येता तो म्हणाला, "तुमची वहिनी गेली. तापाने." माझ्या तोंडून एकदम निघालं, "आसौ!" तो बिचारा बावचळून बघतच राहिला. आसौ म्हणजे थोरल्या भावाची बायको, हे त्याला कुठून कळणार? साऱ्या कोकणपट्टीत ही हाक माझ्या आईला नि मलाच ठाऊक होती. आणि जिने शिकवलं तिला…

माझा दादा आगबोटीवर खलाशी होता. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे घरात आई नि मी. मी परकरी पोर होते, त्या वर्षी दिवाळीनंतर दादा हर्णैच्या बंदरात उतरला तो एका किडकिडीत, गोऱ्या मुलीला घेऊनच. हाँगकाँगला लग्न लावून आला होता. आईने दारातच विचारलं, "ही कोण रे?" "तुझी सून." आई तशीच आत वळली. मग आतूनच ओरडली, "राहू दे घरात, पण माझ्या चुलीपाशी यायचं नाही!" तिचं पान पडवीत मांडलं जाऊ लागलं. नाव तिचं लान, पण गावाने तिला चिनीण करून टाकलं.

तिच्याकडची एक रीत होती. जेवायला बसलं की धाकट्याने घरातल्या प्रत्येक थोराला नात्याने हाक मारायची, "भात खा" म्हणायचं, आणि मगच आपण घास घ्यायचा. दोन्ही वेळा पडवीतून तिची हाक यायची, "आमा, सिक फान." आमा म्हणजे आई. आई मान वर करायची नाही. "मेलं रोजचं हे! भात काय दिसत नाही मला?" असं पुटपुटायची. वहिनीने मात्र हाकेशिवाय कधी घास उचलला नाही.

मला या प्रकाराची भारी गंमत. विहिरीवर कळश्या भरता भरता मी तिच्याकडून एकेक नातं शिकले. दादा म्हणजे आगो, मी आमुई, म्हणजे धाकटी बहीण, आणि ती स्वतः आसौ. त्यांच्यात बापाचा थोरला भाऊ वेगळा नि धाकटा वेगळा, दोघांना एकच काका म्हणून भागत नाही. मी एकदा विचारलं, "तू घरी कुणाकुणाला हाक मारायचीस गो?" ती बोटांवर एकेक नातं मोजू लागली, आणि मध्येच थांबली… पटकीच्या साथीत सगळीच गेली होती. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "कोण हाक मारत नाय, तर मी घरची नाय." त्या दिवसापासून मी तिला आसौच म्हणू लागले.

लग्नाला पुरती चार वर्षंही झाली नसतील, दादा बोटीवरच वारला. त्याच्या सोबत्याने येऊन सांगितलं. माती करायलासुद्धा काही हाती आलं नाही. लोक आईला सांगू लागले, आता हिला पाठवा परत, कशासाठी ठेवता? दादाचे दिवस झाले, त्या दुपारी पानं वाढली. पडवीतून हाक येईना. नवराच राहिला नाही, मग आमा म्हणायचं कुठल्या नात्याने, असं तिच्या मनाने घेतलं असावं. आईचा हात भातापाशी नुसता थांबलेला. शेवटी आईच ओरडली, "काय गो, आज बोलवायचं नाही वाटतं? भात निवतोय इथे." पडवीतून हुंदका आला, आणि मग बारीक आवाजात, "आमा, सिक फान." "ऐकू नाही आलं. आत ये, इथे माझ्या शेजारी बस नि म्हण." ती आत आली. आम्ही तिघीही त्या दिवशी रडत रडत जेवलो.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला घोर एकच, आता हिला आसौ कोण म्हणणार? पहिल्या माहेरपणाला गेले, तर पानावर वहिनीची हाक झाल्याबरोबर आई ठसक्यात म्हणाली, "आसौ, सिक फान!" अगं बाई! सासू चक्क सुनेला वहिनी म्हणत होती, आणि थोरली असून धाकटीला हाक मारत होती. मला हसू आवरेना. मी सांगायला गेले, तर वहिनीने माझा हात घट्ट दाबला. "राहू दे, आमुई. राहू दे." तिचे डोळे भरून आले होते.

निरोप आला त्या दिवशीच मी निघाले नि खाडी ओलांडून केळशी गाठली. वहिनीचे दिवस झाल्यावर मी आईला पान वाढलं. आमटी भातावर ओतली, तरी ती हात लावीना. मग माझ्या ध्यानात आलं. मी जवळ बसून म्हटलं, "आमा, सिक फान." आईने मान डोलावली आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडे वळून तिच्या नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "आसौ, सिक फान."

मी म्हटलं, "आई गो, ती आता कुठे…"

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "पण हाक नाही मारली, तर ती घरची नाही राहायची." आणि मग तिने घास उचलला.