कढतबाईचे हात

आमच्या इमारतीत, माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर, एक बाई राहते. प्रसूती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिनं एकतीस वर्षं बाळांचे कपडे धुतले, आणि त्या एकतीस वर्षांत उघड्या हातानं बाळ घेतलं ते एकदाच, तेही मिनिटभर. स्वतःच्या मुलालासुद्धा घ्यायची ती मध्ये कापड धरून. हे मी आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं यावरच उभं आहे, आणि गोष्ट शेवटपर्यंत मुठीत दाबून ठेवायची मला हौस नाही.

रुग्णालयात तिला सगळे कढतबाई म्हणत. चादरीला वास येतोय? "कढत पाण्यात टाका." टॉवेल चिकट झालेत? "कढत पाण्यात टाका." नवा डॉक्टर फार ताठ्यात वागतो? तेच. नाव तिच्या पाठोपाठ घरापर्यंत आलं, इमारतीत पसरलं, आणि तिनंही ते कधी झटकलं नाही.

धुलाईखाना तळघरात होता. यंत्रं आली ती फार उशिरा, आणि आली तरी डाग आधी हातानंच काढावे लागत, सोड्याच्या नाहीतर ब्लीचच्या पाण्यात. रबरी हातमोजे मिळत सहा महिन्यांतून एक जोडी, ती आठ दिवसांत फाटे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. सोड्यानं कातडीचं काय होतं ते मला पुस्तकातून ठाऊक होतं; तिच्या बोटांवर ते वाचता येत होतं. भेगा पडत, भरत, पुन्हा त्याच जागी पडत. भेगांच्या कडा वाळून अशा धारदार होत की लोकरीच्या कपड्याला हात लावला तर धागा ओढून यायचा.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ती वर वॉर्डात धुतलेल्या दुपट्यांचा गठ्ठा द्यायला गेली होती. नर्सला पलंगाची चादर बदलायची होती, तिनं बाळ हिच्या हातात दिलं. हिनं कौतुकानं त्याच्या गालावरून बोट फिरवलं. लालभडक रेघ उमटली. बाळानं आकांत मांडला. नर्स स्वभावानं वाईट नव्हती, एवढंच म्हणाली, "अगं बाई, तुझे हात!" आणि बाळ काढून घेतलं. त्यानंतर कढतबाई वॉर्डात गेली की गठ्ठा ठेवायची आणि हात पाठीमागे बांधायची. दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. त्याला आंघोळ घातली मावशीनं, तेल लावलं मावशीनं, गालाला हात लावला तोही मावशीनं.

हे तिनं मला सांगितलं होतं. घरात कुणाला नाही.

निवृत्त झाली त्या दिवसापासून तिनं हातांचा ध्यासच घेतला. दिवसातून तीनदा मलम, वर सुती हातमोजे. पाण्यात हात घालायचा नाही म्हणजे नाही. भांडी मुलगा घासतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून त्याला आम्ही लिफ्टवालाच म्हणतो. दर रविवारी सकाळी कढतबाई माझ्याकडे यायची, मी माझा रेशमी रुमाल काढायची, आणि ती डोळे मिटून त्यावरून दहाही बोटं फिरवायची.

"अडकतंय का?" मी विचारायची.

"अंगठा अडकतोय मेला."

सून गरोदर आहे हे कळलं त्या रविवारी चार बोटं अडकत होती. पाचव्या महिन्यात दोन. सहाव्यात एकही नाही. रुमाल बोटांखालून पाण्यासारखा सरकला. तिनं तो तीनदा सरकवून पाहिला आणि मला म्हणाली, "बाई, चहा टाका." यापेक्षा जास्त आनंद ती दाखवत नाही.

आता सुनेकडे येऊ. सून पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. शहराच्या नाल्यातून काय काय वाहत येतं ते ती रोज बाटलीत भरून बघते, त्यामुळे बाळासाठी नवीन काही विकत घ्यायचं नाही असा तिचा निश्चय होता. पाळणा माझ्या माळ्यावरचा. माझी दोन्ही मुलं त्यात वाढली आणि आता ती मला अक्कल शिकवतात, एवढा तो मजबूत. लिफ्टवाल्यानं त्याचा जुना रंग पूर्ण खरवडला, सांधे आवळले, गजांमध्ये काही अडकेल का ते मोजून बघितलं. झबली प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींकडून. आणि एक भली मोठी पिशवी कापडी लंगोटांची, कुणाच्या तरी जुळ्यांनी वापरलेली. मी सुनेची तोंडभरून स्तुती केली. कापडच बरं, जुनं कापड मऊ, प्लॅस्टिक जन्मभर कुजत नाही, वगैरे. निवृत्त शिक्षिकेला व्याख्यानाला निमित्त लागत नाही.

कढतबाईनं पिशवी जमिनीवर ओतली आणि बैठक मारली. हातमोजे काढले. एकेक लंगोट उजेडाकडे धरून बघू लागली. मग चमच्यानं एकावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा वरच बसून राहिला.

"बघ," ती सुनेला म्हणाली. "मऊ व्हावेत म्हणून काहीतरी सुगंधी घालून धुतलेत. हे पाणी पिणार नाहीत. मूल भिजेल, कपडा कोरडा राहील."

"मग फेकायचे?" सून घाबरली.

"फेकतेस कशाला? कढत पाण्यातून दोनदा काढले की येतील वळणावर. कापड चांगलं आहे, घट्ट विणीचं." तिनं एक लंगोट गालाला लावला. आवडला होता तिला. मी शेजारीच होते, मला दिसलं. मग तिनं तो खाली ठेवला. "पण धुणार कोण?"

"मशीन आहे ना, आई," सून म्हणाली.

"मशीनच्या आधी? रोज दहा-बारा, बरबटलेले. ते कोण धुणार?"

लिफ्टवाला पाळण्याचा स्क्रू आवळत होता. मान वर न करता, अगदी प्रेमानं म्हणाला, "तू आहेस की. तुझ्याइतकं कुणाला येतंय?"

कढतबाईनं हातमोजे चढवले आणि सरळ वर माझ्याकडे निघून आली. मीही मागोमाग जिना चढले. दार लावलं न लावलं तोच मी माझं पुराण सुरू केलं, "अगं, पण त्या प्लॅस्टिकच्या लंगोटांनी पर्यावरणाचं—"

"बाई, मला नका सांगू पर्यावरण. फाटक्या चादरीची उशीची खोळ केली मी, खोळ फाटली की पुसणं केलं. एक चिंधी वाया घालवली नाही. पृथ्वी वाचवायची आहे ना सगळ्यांना? वाचवा. पण पाण्यात हात कुणाचे, ते आधी ठरवा."

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ती मीच. माझ्या मुलांचे लंगोट मी धुतले नव्हते, धुणाऱ्या बाईनं धुतले होते, आणि तिचे हात कसे होते ते मला आठवेनाच.

दुसऱ्या दिवशी कढतबाई बाजारात गेली, वापरून फेकायच्या लंगोटांचं मोठं पुडकं घेऊन आली आणि पाळण्यात मधोमध ठेवलं. सुनेनं ते पाहिलं, उचललं नाही. मुलगा दोघींच्या मधून चोरट्यासारखा ये-जा करत होता. त्या घरात तीन दिवस फक्त कुकरच तेवढा बोलत होता.

चौथ्या दिवशी सून माझ्याकडे आली. पोट सांभाळत खुर्चीत बसली.

"काकू, आईंना माझं सगळंच चुकीचं वाटतं का हो? मला वाटलं, त्यांना तरी कापडाची किंमत कळेल."

मी विश्वासघात केला. बेधडक केला. गालावरची रेघ, मावशी, मलम, रविवार, सगळं सांगितलं, आणि कपाटातून रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला. पोटात ठेवायच्या गोष्टी काही बायकांच्या पोटात राहतात. माझं पोट तसलं नाही, आणि राहिल्या असत्या तर त्या घरात बाळ येईपर्यंत भिंत उभी राहिली असती.

ती बराच वेळ रुमालावरून हात फिरवत राहिली. तिचा हात अर्थातच कुठे अडकत नव्हता.

"म्हणजे ह्याला आईचा हात माहीतच नाही," ती म्हणाली. नवऱ्याबद्दल बोलत होती.

तिनं घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही. शनिवारी सकाळी मी खाली गेले तेव्हा लिफ्टवाला न्हाणीघरात बादलीपुढे उकिडवा बसला होता आणि दारात खुर्ची टाकून, हातमोजे घातलेले हात मांडीवर ठेवून, कढतबाई बसली होती.

"आधी नखं," ती म्हणाली. "वंगण भरलंय त्यात. पोराच्या आधी बापच लंगोट काळे करील."

त्यानं ब्रशनं नखं घासली. तिनं उलटसुलट करून तपासली. मग तिनं उकडलेला भोपळा तेलात कुस्करून दहा लंगोटांवर छान फासला.

"आई! काय हे!"

"सराव. खरा माल याहून वासाचा असतो. हं, कुठलं पाणी घेशील?"

"कढत," त्यानं आयुष्यभराच्या अनुभवानं उत्तर दिलं.

"मूर्खा! आधी गार. गरम टाकलंस की डाग शिजतो आणि कापडाला धरून बसतो. आधी गार, मग साबण, मग कढत. एवढी वर्षं मला कढतबाई म्हणता, पण गार पाण्याचं कुणी विचारलं नाही."

मग चोळणं, खळबळणं, पुन्हा खळबळणं. त्याला वाटलं झालं. तिनं त्याला पिळलेल्या लंगोटाचं टोक तोंडापुढे धरायला लावलं आणि म्हणाली, "जिभेला लाव."

"शी!"

"भोपळाच आहे रे. लाव. साबणाची चव आली तर बाळाचं बूड सोलून निघेल."

चव आली. पुन्हा खळबळलं.

दीड महिना, कामावर जाण्याआधी रोज, हा वर्ग चालला. विद्यार्थी सुमार होता. मी पुष्कळ सुमार विद्यार्थी पाहिलेत, पण पिळताना पाणी स्वतःच्याच पायावर ओतणारा हा पहिला. कढतबाईला त्याचा संथपणा बघवेना. तिचे हात मांडीवर नुसते वळवळत. एक दिवस तिनं उजवा हातमोजा ओढून काढला आणि "सर बाजूला!" म्हणत बादलीकडे वाकली.

"आई, हात बाहेर," मागून सुनेचा आवाज आला. आठवा संपत आलेला, भिंतीला टेकून उभी, पण आवाज असा की मीसुद्धा हात मागे घेतले.

"अगं, हा डाग बघ कसा—"

"राहू दे डाग. डागाचा लंगोटही लंगोटच असतो. हात बाहेर."

कढतबाईनं मुकाट्यानं हातमोजा चढवला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की सुनेला ठाऊक आहे. मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आमटी उतू जातेय म्हणून वर पळाले. आमटी नव्हतीच.

पाळण्यातलं पुडकं मात्र सुनेनं टाकलं नाही. "आणलंय तर पहिला आठवडा वापरू, मला उठता येईपर्यंत," म्हणाली, आणि स्वतःच ते कपाटात ठेवलं. कढतबाईनंही मग नाराजीनं मान हलवत का होईना, कापडी लंगोट वाळत घालायची जागा दाखवली: गच्चीचा पूर्वेचा कोपरा, थेट उन्हात.

मुलगी झाली. रुग्णालय तेच, कढतबाईचं. तिथं तिनं नात पाहिली ती हात पाठीमागे बांधून. तिथं तिला दुसरं काही जमेना. घरी आणलं त्या सकाळी तिनं मला निरोप पाठवला: रुमाल घेऊन या.

मी नेला. तिनं खिडकीपाशी उभं राहून दहाही बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

"सरकतंय ना?" मी म्हटलं. "मग झालं तर. परीक्षा किती वेळा द्यायची माणसानं?"

"बाई, रुमाल रडत नाही."

सुनेनं तिला खाली बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. मध्ये दुपटं नाही, काही नाही. कढतबाईचा हात हवेतच राहिला. मग तिनं एक बोट, करंगळी, गालावरून कानापासून हनुवटीपर्यंत नेलं. इतकं सावकाश की मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. आम्ही चौघंही त्या गालाकडे टक लावून बघत होतो. गाल होता तसाच होता.

आणि बाळानं भोकाड पसरलं.

"लागलं," कढतबाई पुटपुटली, आणि दोन्ही हात वर उचलले, जसं काही कुणी बाळ काढून घेणार आहे.

"लागलं कुठलं," मी म्हटलं. "मांडी बघ तुझी."

मांडीवर ओला डाग पसरत होता. पहिल्या आठवड्याच्या पुडक्याची आठवण कुणालाच राहिली नव्हती; सकाळच्या गडबडीत बापानं, दीड महिन्याच्या शिक्षणाच्या गर्वानं, कापडी लंगोट बांधला होता, आणि बांधायला कुणी शिकवलंच नव्हतं.

कढतबाईनं डागाकडे पाहिलं. हात खाली आले, आणि आले ते थेट बाळाच्या पाठीखाली. तिनं तिला उचलून खांद्याला लावलं, उघड्या तळहातानं थोपटलं. सून घ्यायला पुढे झाली, तर तिनं अंग वळवलं.

"थांब गं, घेतलंय ना मी." मग मुलाकडे बघून: "लिफ्टवाल्या, काम आलंय. गार पाणी आधी."

तो बादली घेऊन निघाला. दीड महिन्यात त्याची बोटं साबणानं सोलवटली होती, सांध्यांवर बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. कढतबाईनं त्या पाहिल्या. बाळ खांद्यावरून न काढता तिनं पायाशी ठेवलेली मलमाची डबी पायानं त्याच्या दिशेला ढकलली.

"धुऊन झालं की लाव," ती म्हणाली. "आणि उद्यापासून रबरी हातमोजे. फाटले की लगेच दुसरे."