अनिमेषने मनगट लचकवलं नाही

बारा वर्षं मी विंगेत बसून अनिमेषला संवाद पुरवतेय. आमच्या लातूरच्या हौशी नाटक मंडळीत तो आल्यापासून त्याला एकच काम: मनगट लचकवत स्टेजवर यायचं, "अय्या" म्हणायचं आणि हशा पिकवायचा. एरवी तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, पोरं त्याला चळाचळा कापतात. पण आमचा दिग्दर्शक शेषेराव म्हणजे अकलेचा कांदा. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष त्याला एवढाच ठाऊक.

गंमत म्हणजे अनिमेष खरोखरच तसा. आमचा कपडेपट शिवणारा शारिक आणि तो नऊ वर्षं एका घरात संसार करताहेत. सगळ्या मंडळीला माहीत. माहीत नव्हतं ते फक्त त्याच्या वडिलांना, निलंग्याच्या बापूसाहेबांना. ते इतिहासाचे निवृत्त मास्तर. त्यांच्या लेखी शारिक म्हणजे खोलीतला दोस्त. त्यांना सांगायचं कसं, इथं अनिमेषची गाडी अडलेली.

यंदा नांदेडच्या स्पर्धेला बापूसाहेब आले आणि पहिल्या रांगेत बसले. आज बापूंसमोर स्वतःची टर उडवणार नाही, असं अनिमेष मला विंगेत म्हणाला. आणि नाहीच उडवली. संवाद तेच, पण साध्या आवाजात, नाटकातल्या जोडीदाराच्या शर्टाचं बटण लावत. शेषेराव विंगेतून मनगट लचकवून खुणा करत राहिला. ती भूमिका त्यालाच शोभली असती. लोक आधी हसले, मग गप्प झाले.

प्रयोगानंतर बापूसाहेब आत आले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

"अशा प्रेमाला गुन्हा म्हणणारा कायदा गोऱ्यांचा व्हता, तो गेला," ते म्हणाले. "टवाळी मात्र आपलीच हाय. आज केली न्हाईस, बरं केलंस." मग शारिककडे वळून विचारलं, "घरी बटणं कोण लावतं?"

"मीच, बापू," शारिक म्हणाला आणि लाल झाला.

चार महिन्यांनी अनिमेषच्या बहिणीचं, विशाखाचं लग्न झालं. आमच्याकडे नवरा-बायकोला शेजारी बसवून आहेर करतात. एकट्या माणसाला उभ्याउभ्याच टॉवेल-टोपी देऊन मोकळे होतात. नाव पुकारलं तसा अनिमेष सवयीनं उभाच राहिला. बापूसाहेबांनी दोन पाट एकमेकांजवळ ओढले, शारिकला हाताला धरून आणलं आणि भरल्या मांडवात म्हणाले, "उभा काय राहिलास? जोडीनं बसा."

दोघं बसले. शारिकला टोपी मोठी झाली, पार डोळ्यांवर आली. बरंच झालं, रडत होता.