तिसरी धाव

भूम गावच्या बाजारात गॅरेज असलेला एक मेकॅनिक दर रविवारी आमच्यात टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो आणि दर रविवारी माझं डोकं फिरवतो. तीन हा आकडा त्याला चालत नाही. ताटात तीन भाकऱ्या पडल्या, तर चौथीचा तुकडा मागून घेतो. स्टंप तीनच असतात म्हटलं, तर म्हणतो, "वर दोन बेल्स हाईत की, पाच झाले!"

परवा शेवटच्या बॉलवर तीन धावा हव्या होत्या. बॉल बाभळीत अडकलेला, मी दुसऱ्या टोकाकडून "पळा, पळा!" ओरडतोय आणि हे महाशय दोन धावा काढून बॅट टेकवून उभे!

"तीन न्हाय पळायच्या, सर. लई वंगाळ आकडा."

हातातला सामना बरोबरीत सुटला. मी रागानं सावलीत जाऊन बसलो. तो डबा घेऊन शेजारी आला. डब्यात तीन भाकऱ्या.

"आता चालतात का तीन?"

"तीन कुठं? दोन माझ्या, एक तुमची. तुमी दर वेळी उपाशी येता, म्हून बायकोला जास्तीची टाकायला सांगतो."

भाकरी घ्यावीच लागली. पण प्रत्येक घासाला वाटत होतं, अरे बाबा, मग ती तिसरी धावही माझ्याच नावानं पळायची होतीस की!