एका डिस्कवर दोघं

अमजदभाई चौदा वर्षांनी कुवेतहून कायमचे परत आले आणि विचुंब्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांच्या बायकोला, फरिदाला, नशीबवान म्हणू लागले. मी समोरच्याच घरात राहते. ते नशीब मला रोज दिसत होतं. तिनं दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं, अमजदभाईंनी दोन लिटर घेऊन ठेवावं. लेकीच्या, तूबाच्या, शिकवणीसाठी तिनं एक बाई ठरवल्या आणि यांनी एक सर. एका संध्याकाळी दोघंही दारात उभे! माणूस वाईट मुळीच नव्हता. इतकी वर्षं घर फोनवरून सांभाळलेल्या माणसाला घरात काम सापडत नव्हतं, एवढंच.

शेवटी ते कॉम्प्युटरपुढे बसले. कुवेतला एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचे. आता महाप्याला तशीच नोकरी बघत होते, पण तिथं क्लस्टर लावता यायला हवा म्हणे; म्हणजे एक सर्व्हर पडला तरी दुसऱ्यानं काम चालू ठेवायचं. खरे सर्व्हर घरात कुठून आणणार? म्हणून एकाच कॉम्प्युटरच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशिनं तयार केली, आणि दोघांत मिळून एक डिस्क. नाहीच जमलं तर कुवेतचा जुना मालक बोलावत होताच. पासपोर्ट एजंटकडे देऊनही झाला होता. फरिदा यावर हूं की चूं करत नव्हती. मला तिचा भयंकर राग यायचा.

एका रविवारी मी तिच्याकडे वाल सोलत बसले होते. आतून एकदम "या अल्ला!" ऐकू आलं. दोन्ही मशिनं एकाच वेळी डिस्कवर लिहीत सुटली होती आणि सगळी माहिती खराब झाली होती. भल्या माणसानं न चिडता पुन्हा सगळं मांडलं. या वेळी एकच मशीन काम करणार, दुसरं थांबणार. जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हाला हाक मारली.

"बघा शशिकलाताई, पहिलं सारखं कळवत राहतं, मी आहे, मी आहे. ते गप्प झालं की दुसरं काम हातात घेतं." त्यांनी पहिलं बंद केलं. जरा वेळानं दुसऱ्यानं खरंच काम सुरू केलं.

"म्हणजे मिस कॉल," फरिदा म्हणाली. कुवेतहून रोज रात्री अमजदभाईंचा मिस कॉल यायचा. एखाद्या दिवशी आला नाही की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. "आणि पहिलं परत आलं तर?"

"तर ते बसून राहतं. काम दुसऱ्याकडेच." अमजदभाई खाली बघत म्हणाले, "माझं तेच झालंय, फरिदा. तू सगळं नीट चालवतेस. म्हणून तर पासपोर्ट दिला."

"दोघंही काम करतात, असं लावता येत नाही?"

"येतं. पण कठीण असतं. लिहायच्या आधी दर वेळी एकमेकांना विचारावं लागतं."

"मग तसलं लावा!" तिचा आवाज चढला आणि डोळे भरून आले. "मी थकलेय हो एकटीनं करून. मला तुम्ही इथंच हवे आहात. फक्त दूधवाल्याशी बोलायच्या आधी मला विचारत जा."

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट परत आणायला दोघं एकत्र निघाली. रिक्षानं जायचं की बसनं, यावर जिन्यातच त्यांचं बराच वेळ एकमेकांना विचारणं चाललं होतं.