खालच्या तोचिसावाची पाहुणी

कुमुदिनी आठल्येला समोरच्याचं जपानी कळलं नाही की ती "हाय" म्हणायची. हाय म्हणजे हो. तोक्योलगतच्या ग्योतोकूतल्या भाजीवाल्याला, पोस्टमनला, चुकीच्या दिवशी कचरा ठेवला म्हणून समजवायला आलेल्या शेजारणीलाही तिचं हेच उत्तर असे, आणि आजवर त्यावर तिचं बरं निभावलं होतं. नवरा चंद्रशेखर तोक्योतल्या एका संस्थेत संशोधक होता. ती स्वतः पुण्यात शाळेत भूगोल शिकवायची. इथे आल्यापासून तिने पाहिलेला भूगोल म्हणजे तोझाई लाइनच्या लोकलच्या खिडकीतून दिसणारी खाडी.

म्हणून १९९४च्या मे महिन्यात सलग सुट्टी आली तेव्हा तिने हट्टाने एक गाव शोधून काढलं. उत्तरेकडच्या डोंगरातलं तोचिसावा. फोटोत गवती छपरांची उंच घरं, मागे बर्फ, पुढे पाण्याने भरलेली भातखाचरं. तिथल्या एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी खोली ठरवली. मासे-मांस चालत नाही, हेही शेजारणीकरवी फोनवर कळवून झालं. निघायच्या सकाळीच चंद्रशेखरच्या प्रयोगात काहीतरी बिघडलं.

"तू साध्या गाडीने पुढे हो," तो म्हणाला. "इथलं लवकर आटपलं तर मी वेगवान शिनकानसेनने येतो. तुझ्याआधीच पोचेन बघ."

डोंगरातल्या लहानशा स्टेशनवरून बस सुटली तेव्हा आत मोजकी माणसं होती. मागच्या बाकावर कोणीतरी डोक्यावरून शाल ओढून झोपलं होतं. घाटात ध्वनिक्षेपकावर "तोचिसावा" एवढं ऐकू आलं आणि कुमुदिनी लगबगीने उतरली. तोचिसावा दोन आहेत, वरचं आणि खालचं, आणि हे खालचं, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

गवती छप्पर एकही दिसेना. पत्र्याची घरं, एक बंद दुकान, खाचरांत बेडकांचा आवाज. थांब्यावर मात्र सूट घातलेला एक वयस्क माणूस उभा होता. तो कमरेत वाकला.

"तोक्योहून आलात?"

"हाय."

मग तो भराभर पुष्कळ काही बोलला. त्या बोलीतलं तिला अक्षर कळलं नाही. ती हाय म्हणत राहिली. शेवटच्या वाक्यातले दोन शब्द मात्र तिने पकडले. दान्ना-सान वाट पाहताहेत. दान्ना-सान म्हणजे नवरा. म्हणजे चंद्रशेखर खरंच आधी पोचला होता. ती निश्चिंत मनाने त्या माणसाच्या गाडीत बसली.

घराच्या दारात चपला-बुटांची रांग होती. एका म्हाताऱ्या बाईने तिचे दोन्ही हात धरले आणि ती रडू लागली. खोलीभर माणसं गुडघे मोडून बसली होती. तिला सगळ्यांत मानाच्या जागी बसवलं. पुढ्यात लाल भात आला, शेपटीसकट अख्खा भाजलेला मासा आला. बाजूला चाळिशीचा एक माणूस कडक इस्त्रीच्या कपड्यांत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते आणि नजर चटईवरून वर उठत नव्हती.

खेड्यात पाहुण्यांचं असंच करत असतील, असं कुमुदिनीने मनाशी म्हटलं. पण शाकाहारी कळवूनही मासा का? म्हातारी का रडते? ती माशाला हात लावत नाही हे त्या लाल कानांच्या माणसाने पाहिलं. त्याने ताटली आपल्याकडे ओढली, एक संत्रं सोलून फोडी तिच्यापुढे ठेवल्या आणि पुन्हा मान खाली घातली.

शेवटी तिने जुळवाजुळव करून विचारलं, "दान्ना-सान कुठे आहेत?"

खोली हसली. सगळ्यांनी त्या लाल कानांच्या माणसाकडे बोट दाखवलं.

कुमुदिनी ताठ बसली. तिने मंगळसूत्र पुढे धरलं आणि येतील तेवढे शब्द उधळले: माझा दान्ना-सान तोक्योत, संशोधक, मी पर्यटक, तोचिसावा, गवताचं छप्पर. हसू हळूहळू विझलं. सूटवाल्या माणसाने खिशातून एक फोटो काढला, तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि मटकन खाली बसला. म्हातारीने मात्र तिचा हात सोडला नाही.

एवढ्यात फोन वाजला. वरच्या तोचिसावातल्या मुक्कामाच्या घरून, सूटवाल्यासाठी होता. त्यांची भारतीय पाहुणी आली होती, पण नुसती रडत होती. शाकाहारी म्हणून मुद्दाम केलेला टोफू नको म्हणत होती.

वर नेताना सूटवाल्याने, तो गावाच्या कचेरीत काम करायचा, तिला सावकाश, सोप्या शब्दांत समजावलं. गावात मुली राहत नाहीत, शेती करणाऱ्या मुलांची लग्नं होत नाहीत, म्हणून मध्यस्थांमार्फत परदेशातून मुली आणतात. आज येणारी नवरी श्रीलंकेची. फोटोवर ठरलेलं. मध्यस्थाने तिला स्टेशनवर बसमध्ये बसवून दिलं आणि ती झोपली. शेवटच्या थांब्यावर, वरच्या तोचिसावात, जागी झाली.

गवती छपरांच्या त्या घरात, कुमुदिनीसाठी राखलेल्या खोलीत, शाल गुंडाळून एक बारीकशी मुलगी बसली होती. नाव जयंती. तिला इंग्रजी येत होतं. कुमुदिनीला पाहताच तिने बाकीच्यांना खुणेने बाहेर जायला सांगितलं.

"अक्का, तुम्ही त्यांच्या घरी होतात?"

"होते. चुकून."

"कसे आहेत ते लोक?"

कुमुदिनीने आजवर कितीतरी मुलांना नद्या आणि पर्वत समजावून दिले होते. आता माणसं समजावून द्यायची होती. तिने काय पाहिलं होतं? लाल कान. एक म्हातारी. चांगली माणसं आहेत म्हणावं तर कशावरून? जाऊ नकोस म्हणावं तर ही जाणार कुठे?

"मी मासा खात नाही," ती म्हणाली. "ते त्याच्या लक्षात आलं. त्याने न सांगता संत्रं सोलून दिलं. मला एवढंच ठाऊक आहे."

"आणि त्याची आई?"

"ती रडत होती. का ते मला कळलं नाही."

जयंती उठली. मग तिने तोंड धुतलं, केस बांधले आणि बाहेर सूटवाल्याच्या गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी चंद्रशेखर आला. दोघं गवती छपरांखालून हिंडली, फोटो काढले. "किती सुंदर आहे ना?" तो विचारत होता आणि कुमुदिनी हो हो म्हणत होती. खाली खोऱ्यात पत्र्याची छपरं दिसत होती, तिकडेच तिचं लक्ष.

पुढच्या हिवाळ्यात जयंती एकदा पिशवी घेऊन ग्योतोकूला आली. बर्फ सोसवत नव्हता, सासूची बोली कळत नव्हती. ती काही दिवस राहिली. मग तो लाल कानांचा माणूस इमारतीखाली येऊन उभा राहिला. वर या म्हटलं तरी येईना. जयंतीने खिडकीतून त्याला बराच वेळ पाहिलं आणि आपणहून खाली गेली. ती खुशीने गेली की थकून, ते कुमुदिनीला तिच्या पाठीवरून ओळखता आलं नाही.

त्यानंतर दर मे महिन्यात कुमुदिनी खालच्या तोचिसावाला जाऊ लागली. जयंतीला मुलगा झाला. ती आता गावच्या बोलीत भांडायची आणि सासू तिला घाबरायची. एका वर्षी लावणीची रोपं धुताना कुमुदिनीने मनात अडकलेलं विचारलं.

"त्या दिवशी मी वेगळं काही सांगितलं असतं, तर तू परत गेली असतीस का?"

जयंती हसली. "अक्का, त्या दिवशी परतीची बसच नव्हती."

एवढी वर्षं ज्या उत्तराचं ओझं वाहिलं, त्याला काही वजनच नव्हतं. यावर सुटल्यासारखं वाटावं की वाईट वाटावं, हे कुमुदिनीला ठरवता आलं नाही. खाचरापलीकडून म्हातारीने हाक मारून काहीतरी विचारलं. ते तिला कळलं नाही. तिने "हाय" न म्हणता जयंतीकडे पाहिलं.

"चहा आत्ता हवा की नंतर, असं विचारताहेत," जयंती म्हणाली.