रजेचा एकसष्टावा दिवस

सुभेदार नव्या माणसाला हुद्दा विचारायचे नाहीत. चिपळुणात एस.टी. स्टँडमागे आमच्या माजी सैनिक संघटनेची एक खोली आहे, तिचा कारभार तेच बघायचे. तिचा जिना चढून कोणी आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरी येऊन किती दिस झाले रे?" उत्तर दोन महिन्यांच्या आतलं असलं तर म्हणायचे, "मग तू अजून सुट्टीवरच हायस. नंतर ये."

मी गेलो तेव्हा चार महिने उलटले होते. सतरा वर्षं नोकरी करून, हवालदार होऊन मी सावर्ड्याला परतलो होतो. वर्षाला साठ दिवसांची रजा, तेवढंच मला घर ठाऊक. एकसष्टाव्या दिवशी पहाटे उठून मी काळी ट्रंक भरायला घेतली. कुठे जायचं ते माहीत नव्हतं. कहर म्हणजे बायकोनेही सवयीने चटणी कुटून डबा भरला होता. दोघांच्याही लक्षात आलं, पण हसलं कोणीच नाही.

मग घरात करमेना. लोट्याला एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी धरली, आठ दिवसांत सोडली. अंगणात नुसत्या येरझारा. आठवीतली मुलगी समोर आली की बाजूला होऊन वाट द्यायची, "बाबा, तुमचं पाणी काढलंय," म्हणायची. शेवटी गुजरातेत राहण्याच्या सोयीसकट गार्डची जागा मिळत होती. अर्जावर संघटनेचा शिक्का हवा होता.

सुभेदारांनी अर्ज वाचला आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. "शिक्का मंगळवारी मारीन. तवर ह्यांचे फॉर्म भर." समोर जवानांच्या तीन म्हाताऱ्या विधवा पेन्शनचे कागद घेऊन बसल्या होत्या. तो मंगळवार काही येईना. मी चिडायचो, भांडायचो आणि सकाळी पहिल्या एस.टी.ने पुन्हा हजर व्हायचो. तिथे सगळे माझ्यासारखेच. कोणी खिडकीशी उभा, कोणी उगाच बूट पुसतोय. कोणीही मला स्वस्थ बस म्हणालं नाही. फार बरं वाटायचं.

एकदा मी टेबलावर हात आपटून अर्ज मागितला. सुभेदार खोलीभर फेऱ्या मारत म्हणाले, "मीपण गेलो व्हतो, मेल्या. अकरा वर्षं, सुरतेला. बायको गेली तवा मी ड्युटीवर. पोरगा पुण्याला असतो. गेलो की खुर्ची देतो, पाणी देतो आणि विचारतो, परतीचं तिकीट काढलंय ना?" मग त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला. शिक्का केव्हाच मारलेला होता. "जायचं तर जा. तुला कोण अडवत नाय."

मी तणतणत निघालो. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला परत गेलो. त्यांनी अर्जाचं काही विचारलं नाही.

गेल्या श्रावणात ते हृदयविकाराने गेले. मुलाने सगळं रीतसर केलं. दहाव्याला कावळ्याचं पान वाढताना तो आम्हा संघटनेवाल्यांपाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाबांना काय आवडायचं?" आम्ही सहाजण एकदमच बोललो, "अळूचं फदफदं." तो मान खाली घालून आत गेला. मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली.

परवा मी ओला टॉवेल पलंगावर टाकला. मुलगी फणफणत आली, "बाबा, किती वेळा सांगायचं तुम्हाला? घर आहे की बराक?" आता मी भडकणार म्हणून बायको दारात थिजून उभी. मी मुकाट्याने टॉवेल उचलला आणि अंगणात दोरीवर घातला. पोर माझ्यावर ओरडली, हे सुभेदारांना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. मी पायात चपला सरकवल्या, फाटकापर्यंत गेलो, आणि मग ते नाहीत हे आठवलं.